खोक्यांचा कारखाना कुठे उभारायचा?

पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात कागद येतो वजनाने आणि माल जातो आकारमानाने. क्राफ्ट कागदाची, म्हणजे खोक्यांसाठीच्या मजबूत तपकिरी कागदाची, रिळं भरली की मोठ्या ट्रकमध्ये २० टन सहज येतात. वजनाची मर्यादा आधी संपते, जागा उरते. त्याच कागदाचे पाच प्लायचे, म्हणजे कागदाच्या पाच थरांचे, खोके करून, घडी घालून, गठ्ठे बांधून पाठवायचे म्हटलं तर ३२ फुटी कंटेनरमध्ये जेमतेम ५ टन बसतात. दोन कागदांच्या मधल्या नागमोडी थरात जी हवा असते, तिचंही भाडं भरावं लागतं. म्हणजे कागदाचा एक ट्रक आत आला की मालाचे चार ट्रक बाहेर पडणार. नवा कारखाना कुठे उभारायचा हे ठरवताना आम्ही जे जे पाहिलं, ऐकलं आणि मोजलं, त्यात सगळ्यात जास्त कामाला आला तो हा हिशोब.

बाबांनी हा धंदा भोसरीत एका गाळ्यात सुरू केला. सिंगल फेसरवर, म्हणजे नागमोडी कागद सपाट कागदावर चिकटवणाऱ्या मशीनवर, टू-प्लायचे रोल काढायचे, ते कापून पेस्टिंग मशीनवर एकावर एक चिकटवायचे, प्रेसमध्ये दाबायचे, वाळले की क्रीझिंग (घडीच्या रेषा पाडणं), स्लॉटिंग (खाचा कापणं), स्टिचिंग (तारेने टाचणं). आजही आमच्या छोट्या ऑर्डरी अशाच निघतात आणि चांगल्या निघतात. पण मोठ्या ग्राहकांना आता महिन्यागणिक तोच जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन), तोच बीएफ (फाटण्याआधी कागद किती दाब सोसतो त्याचं माप), तीच ताकद हवी असते, आणि त्यांचा माल उचलायचा वेगही वाढलाय. त्यासाठी पाच प्लायची ऑटोमॅटिक लाइन घ्यायचं ठरलं. एका टोकाला रिळं चढवायची आणि दुसऱ्या टोकाला कापलेल्या शीट रचून घ्यायच्या. अशी लाइन सरळ रेषेत ९० मीटरच्या आसपास जाते, पुढे-मागे रिळं आणि शीट फिरवायला जागा लागते ती वेगळी. भोसरीतला गाळा त्यापुढे कुठेच पुरत नव्हता.

जागेचा शोध कागदावर सुरू झाला. इंजिनिअरिंगला असताना अल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा १९०९ सालचा सिद्धांत शिकले होते. ज्या कच्च्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ जातो. आपल्याकडे त्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. १०० किलो उसातून १०-११ किलो साखर निघते, म्हणून साखर कारखाने उसाच्या पट्ट्यातच उभे राहिले. आमच्या मालाचं वजन फारसं घटत नाही, आकार मात्र कित्येक पटींनी वाढतो. म्हणून आमचा कारखाना ग्राहकाजवळ असायला हवा.

बाबांना हे लगेच पटलं नाही. त्यांचा ओढा वापीकडे होता. तिथे कागद गिरण्यांची दाटी आहे आणि आमचा बराचसा कागद तिकडूनच येतो. "गिरणीच्या दारात बसलं की रीळ अडकत नाही, गोडाऊन भरून ठेवावं लागत नाही, पैसा कागदात अडकून पडत नाही," हे त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. कागदाचे भाव चढले की रीळ मिळवणं म्हणजे काय असतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा खूप जास्त भोगलंय. मग मी त्यांच्यासमोर महिन्याचा हिशोब मांडला. नवी लाइन महिन्याला ५०० टन माल काढेल असं धरलं, तर कागदाचे २५-२७ ट्रक येतील आणि मालाचे १०० ट्रक जातील. ग्राहकापासूनचं अंतर एका किलोमीटरने वाढलं, तर जाऊन-येऊन महिन्याला २०० किलोमीटर वाढतात. २० किलोमीटर वाढलं तर वर्षाला ४८,००० किलोमीटर. बाबांनी ते आकडे स्वतःच्या हाताने पुन्हा मांडून पाहिले आणि वापी यादीतून गेलं. कागदाचा साठा मोठा ठेवावा लागणार हे त्याच बैठकीत मान्य करून टाकलं.

कोकणही याच टप्प्यावर गळलं. महाडकडची जागा एका ओळखीच्यांनी सुचवली होती आणि दरही चांगला होता. पण आमच्या मालाला दमट हवा सोसत नाही. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो आणि खोका मऊ पडतो. ९० टक्के आर्द्रतेत खोक्याची वजन पेलण्याची ताकद ५० टक्के आर्द्रतेच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर येते. पुण्यातसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही रिळांना प्लॅस्टिक गुंडाळून ठेवतो. जिथे चार महिने आभाळ उघडत नाही, तिथे या धंद्यासाठी जमीन घेण्यात अर्थ नव्हता.

मग ग्राहकांचा नकाशा केला. प्रत्येक ग्राहक महिन्याला किती टन उचलतो आणि पुढच्या पाच वर्षांत कोण वाढेल, हे त्यांच्या खरेदी विभागात बसून विचारलं. चाकण, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, वाळूज, आणि थोडं नाशिक. प्रत्येक ठिकाणाला त्याच्या टनांचं वजन देऊन मधला बिंदू काढता येतो. आमचा बिंदू शिरूर तालुक्यातल्या एका शेतात पडला, जिथे ना वसाहत ना धड रस्ता. अशा बिंदूवर कारखाना बांधायचा नसतो. कोणत्या दिशेला आणि कोणत्या रस्त्यावर शोधायचं, एवढं तो सांगतो. आमच्या बाबतीत तो पुणे–अहिल्यानगर रस्त्याकडे बोट दाखवत होता. रांजणगाव याच रस्त्यावर, तिथून तीसएक किलोमीटर पुढे सुपे, आणि अहिल्यानगर ओलांडून छत्रपती संभाजीनगरच्या वाटेला लागलं की शहराच्या आधी वाळूज. आमचे निम्म्याहून जास्त टन एकाच रस्त्याला लागून होते, हे नकाशावर पाहीपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तरीही आम्ही बिडकीन पाहायला गेलो, आणि मला ती जागा मनापासून आवडली. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक हे औद्योगिक शहर दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेत वसवलंय. सुमारे १०,००० एकर जमीन आहे आणि त्यातली बरीच मोठी बिडकीनला. रस्ते आधी, वीज-पाणी-सांडपाण्याच्या वाहिन्या जमिनीखालून आधी आणि कारखाने नंतर, हा क्रम आपल्याकडे मी पहिल्यांदा पाहत होते. मी ज्या वसाहतीत वाढले, तिथे पावसाळ्यात गाळ्यासमोरच्या खड्ड्यात रिक्षा कलंडायच्या. बिडकीनच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर उभं राहून मला खरंच भरून आलं. आपल्या मराठवाड्यात हे होऊ शकतं, हे पाहूनच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, त्यामुळे मुंबईकडचं अंतरही पूर्वीसारखं वाटत नाही. पाण्यासाठी पैठणचा नाथसागर शेजारी. मोठा वाहन उद्योग असो की ज्याला पाणी भरपूर लागतं असा एखादा प्रकल्प, मी कुणालाही ती जागा आधी पाहा म्हणेन.

पण आमचे ग्राहक तिथे अजून आलेले नाहीत. मोठे प्रकल्प जाहीर होतात, जमीन घेतात, बांधकाम करतात, आणि मग कुठे खोके लागायला सुरुवात होते. त्यात वर्षं जातात, आणि लहान उद्योगाला तेवढी वर्षं बँकेचे हप्ते भरत थांबता येत नाही. मोठा कारखाना आपल्याबरोबर पुरवठादार खेचून आणतो. १९८५ साली बजाज वाळूजला आली आणि तिच्यामागून सुट्या भागांचे किती कारखाने तिथे उभे राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्यासारख्याने त्या दुसऱ्या लाटेत जायचं असतं.

सिन्नरचा विचार द्राक्षांमुळे झाला. नाशिकची निर्यातीची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये निघतात, तेव्हा खोक्यांना प्रचंड मागणी असते. पण चार महिने धावणारी आणि आठ महिने थंडावणारी मागणी धरून एवढी मोठी लाइन लावता येत नाही. चाकणला ग्राहक दाराशी होते, पण आम्हाला लागेल एवढा सलग लांब प्लॉट परवडणाऱ्या दरात मिळेना. त्यात तळेगाव–चाकण रस्त्यावर संध्याकाळी ट्रक किती वेळ उभा राहतो, ते आमच्या ड्रायव्हरना विचारा. पाच किलोमीटरचं भाडं वाचवायचं आणि ट्रक दिवसातून एकच फेरी करणार, हा कसला फायदा?

खासगी जमिनीचं प्रकरण मात्र बराच काळ चाललं आणि त्यात आम्ही बरंच शिकलो. शिक्रापूरच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडी आत, नदीच्या अंगाला चार एकर जमीन होती. मालक सज्जन माणूस, भाव वाजवी. महाराष्ट्रात उद्योगासाठी शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३-१अ मध्ये वाट ठेवलेली आहे, त्यामुळे आम्ही शेतकरी नसणं ही अडचण नव्हती. सातबारा काढला, आठ-अ म्हणजे मालकाच्या खात्याचा उतारा काढला, जुने फेरफार म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी मागवल्या. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगितला होता. त्यात दिसलं की एका फेरफारात बहिणींची नावं वारस म्हणून लागायला हवी होती, ती लागलेली नव्हती. जमिनीचा एक तुकडा भोगवटादार वर्ग २ चा, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारा. रस्ता म्हणून जो दाखवला होता, तो शेजारच्या गटातून जाणारा वहिवाटीचा रस्ता. बैलगाडी आणि ट्रॅक्टर पिढ्यान्‌पिढ्या जातात, पण ३२ फुटी कंटेनर तिथून रोज जाऊ देणं हे शेजाऱ्याच्या मर्जीवर.

मालकांच्या बहिणींना आम्ही स्वतः भेटायला गेलो. मला ते महत्त्वाचं वाटत होतं. त्यातल्या धाकट्या म्हणाल्या, "भावानं विकलं तरी माझी सही कुणी मागितलीच नसती. तुम्ही आलात म्हणून कळलं." मला तिथून पुढे त्या जमिनीत कारखाना उभा राहिलेला दिसेना. त्यांचा हक्क नोंदला जावा म्हणून आमच्याच वकिलांनी त्यांना अर्जाची पद्धत समजावून दिली. जमीन घ्यायची की नाही, हा विचार तोवर मागे पडला होता. खड्डा घेऊन पाहिला तेव्हा उरलासुरला प्रश्नही सुटला. आठ फुटांपर्यंत काळी माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. ९० मीटरची लाइन एका पातळीत बसावी लागते, कुठे थोडी खचली तरी कागद तिरका धावतो. पायाचा खर्च धरला तर जमिनीचा वाजवी भाव वाजवी उरत नव्हता.

राहिलं रांजणगाव आणि सुपे. दोन्हीकडे एमआयडीसी. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते, मालकीची होत नाही, हे बाबांना सुरुवातीला खुपत होतं. पण बँकेला तो भाडेपट्टा एका दृष्टिक्षेपात समजतो. उलट शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यातली प्रत्येक ओळ बँकेला समजावून सांगावी लागते. रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, फियाट, ब्रिटानिया असे मोठे कारखाने आहेत. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि बिस्किटं म्हणजे खोकेच खोके. वसाहत जुनी आणि भरलेली, त्यामुळे आम्हाला परवडेल असा मोकळा प्लॉट मिळणं कठीण आणि बंद पडलेल्या युनिटचा हस्तांतराने घ्यावा लागणार. असे दोन पाहिले. क्षेत्रफळ पुरेसं होतं पण आकार चौरस. क्षेत्रफळावर प्लॉट निवडणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आधी आपल्या सगळ्यात लांब यंत्राचा नकाशा कागदावर कापून घ्या आणि प्लॉटच्या नकाशावर ठेवून पाहा. चारही बाजूंनी सोडायचं अंतर, अग्निशमनाची गाडी फिरेल असा रस्ता, कंटेनर वळवायची जागा हे सगळं काढलं की चौरस प्लॉटमध्ये आमची लाइन फक्त कर्णावर बसत होती.

सुप्यात लांबट प्लॉट मिळत होता. मुरूम दोन-अडीच फुटांवर लागला. पाऊस कमी, हवा कोरडी. शेतीत ज्या गोष्टीने हा तालुका पिढ्यान्‌पिढ्या पोळला, तीच गोष्ट कागदाच्या बाजूची होती. आणि हे लिहितानाही मला त्याचा आनंद वाटत नाही. पारनेर तालुक्याने पाण्यासाठी काय कष्ट केलेत ते राळेगणसिद्धीला जाऊन कुणीही पाहावं. म्हणून आम्ही पाण्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून कडक धरला. खोक्यांच्या कारखान्याला पाणी लागतं ते बॉयलरला, स्टार्चच्या गमला आणि माणसांना. वाफेचं थंड झालेलं पाणी परत बॉयलरला फिरवायचं, शाईच्या धुणावळीचं पाणी शुद्ध करून गमला वापरायचं, शेडच्या छपराचं पाणी टाकीत घ्यायचं, हे आराखड्यातच घातलं. आसपासच्या कूपनलिकेच्या पाण्याचा नमुना तपासून घेतला. क्षार इतके होते की ते सरळ बॉयलरला दिलं तर नळ्यांत थर बसला असता, म्हणून सॉफ्टनर आधीच धरला.

विजेबद्दल सगळे युनिटचा दर विचारतात. आम्हाला वीज किती वेळा जाते हे जास्त महत्त्वाचं होतं. चालू लाइनवर दोन मिनिटं वीज गेली तर तापलेल्या प्लेटवर कागद तसाच पडून राहतो, करपतो, गम वाळतो. लाइन पुन्हा सुरू करून नीट माल निघेपर्यंत बराच कागद वाया जातो. याची माहिती कोणत्याही कार्यालयातून मिळण्याआधी शेजारच्या कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडून मिळते. प्रत्येक चांगल्या कारखान्यात ट्रिपिंगची, म्हणजे वीज गेल्याच्या नोंदींची, वही असते. आम्ही चहा घेत त्या वह्या पाहिल्या. कोणत्या महिन्यात किती वेळा, वळवाच्या पावसात किती, दुरुस्तीला कोण किती वेळात येतं, सगळं त्यात होतं. आमच्यासोबत भोसरीचे मामा होते. बाबांच्या बरोबरीने पहिल्या दिवसापासून मशीनवर असलेले, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो. त्या वह्या वाचायचं काम त्यांनीच केलं. मला आकडे दिसत होते आणि त्यांना त्या आकड्यांमागची लाइन दिसत होती.

वाऱ्याची गोष्टही मामांच्याच लक्षात आली. तिकडच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, आणि पवनचक्क्या उगाच उभ्या राहत नाहीत. पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिमेकडून जोराचा वारा येतो. मामा प्लॉटवर उभे राहून म्हणाले, "शेडचं तोंड इकडं केलं तर कात्रण सगळं वाळवणासारखं उडंल. आणि बॉयलर वरच्या अंगाला नको, राख रिळांवर येईल." आर्किटेक्टच्या पहिल्या आराखड्यात दर्शनी बाजू रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेलाच होती. ती बदलली. मालाची दारं पूर्वेला आली, बॉयलर आणि त्याच्या इंधनाचा, म्हणजे ब्रिकेटचा, साठा वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला. कागदाच्या कारखान्यात आगीची भीती कायम असते, त्यामुळे हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

एका गोष्टीबद्दल लिहू की नको असं झालं होतं, पण जागा शोधणाऱ्याला ती माहीत हवी. एका वसाहतीत, नाव घेत नाही, प्लॉट पाहून निघालो तर काही जण येऊन भेटले. मुरूम कुणाचा घेणार, सिक्युरिटी कुणाची, लोडिंग कोण करणार, कात्रण कुणाला देणार, अशी सगळी यादी त्यांच्याकडे तयार होती आणि दरही. कात्रण हा आमच्याकडे कचरा नसतो, तो गिरणीला परत विकून येणारा पैसा असतो. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला नोंदणी, मजुरी आणि म्हातारपणची सोय देणारा तो कायदा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. काम न करता त्याचं नाव वापरून पैसे मागणारे लोक उद्योगांना तर लुटतातच, पण खऱ्या माथाडींचं नाव घालवतात याचा मला जास्त राग येतो. तेव्हापासून प्रत्येक वसाहतीत आम्ही लहान उद्योजकांना एकेकट्याने गाठून हाच प्रश्न विचारला. मोठ्या कंपनीचा व्यवस्थापक यावर बोलत नाही. दहा-पंधरा माणसांचं युनिट चालवणारा मात्र दार लावून घेतो आणि सगळं सांगतो.

सवलतींचा विषय आमच्या सीएंनी लावून धरला होता. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग पाडलेले, जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. योजना चांगली आहे, तिच्यामुळे मागास तालुक्यांत कारखाने गेले. पण परतावा राज्याच्या वाट्याच्या जीएसटीवर मोजतात. २२ सप्टेंबर २०२५ ला खोक्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे राज्याचा वाटा ६ वरून अडीचवर. ज्या पायावर आम्ही परतावा मोजला होता, तो पायाच निम्म्याहून खाली गेला. त्यानंतर मी प्रकल्प अहवालातून सवलतीची ओळच काढून टाकायला सांगितली. सवलत धरली नाही तरी कारखाना चालत असेल तरच ती जागा योग्य, हा माझा आग्रह होता. सीएंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तसा अहवाल करून दिला. सवलत मंजूर होईल तेव्हा बँकेचं कर्ज लवकर फिटेल.

जागांची तुलना करायला त्यांनी गुणांचा तक्ताही केला होता. जमिनीच्या दराला ३० गुण, रस्त्याला २०, मजुरांना १५, असं. मला तो तक्ता पटेना, कारण गुण थोडे इकडे-तिकडे केले की हवी ती जागा पहिली येते, आणि घरात ज्याचा आवाज मोठा त्याचे गुण चालतात. त्याऐवजी प्रत्येक जागेसाठी एका किलो खोक्यामागे किती पैसे पडतात, ते काढलं. जमिनीचं कर्ज आणि व्याज, पाया, कागदाचं भाडं, मालाचं भाडं, वीज, वीज गेल्याने वाया जाणारा कागद, माणसांची ने-आण, विमा, सगळं पैशांत. रांजणगाव आणि सुपे यांच्यात फरक फार थोडा निघाला. मालाच्या भाड्यात रांजणगाव स्वस्त आणि जमीन-बांधकामात सुपे स्वस्त. पण वाळूजचे टन वाढतील असं धरलं की पारडं सुप्याकडे झुकत होतं.

खरी अडचण माणसांची होती. भोसरीतले कामगार रोज सुप्याला जाऊ शकत नाहीत, ऐंशीहून जास्त किलोमीटर पडतात. रांजणगावला बस लावून जमलं असतं. आमच्याकडे पेस्टिंग-स्टिचिंगला बऱ्याच बायका आहेत. त्यांची मुलं, शाळा, सासूबाई, पाणी येण्याची वेळ, सगळं भोसरीत. त्यांना "नोकरी तिकडे आहे, या" असं म्हणणं म्हणजे नोकरीवरून काढणंच. बाबांनी याला साफ नकार दिला. तीस वर्षं ज्या हातांनी खोके शिवले, ते हात सोडून नवा कारखाना नको, हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं आणि माझंही तेच होतं.

उत्तर पुन्हा त्या हवेच्या हिशोबातूनच मिळालं. लाइन आणि बॉयलर सुप्याला जातील, मोठ्या ऑर्डरी तिथेच खोका होऊन थेट रांजणगाव-वाळूजला निघतील. पुणे-चाकणच्या छोट्या, सतत बदलणाऱ्या ऑर्डरींसाठी सुप्यातून तयार सपाट शीट भोसरीत येतील आणि छपाई, स्लॉटिंग, स्टिचिंग तिथेच होईल. सपाट शीटचा ट्रक घडी घातलेल्या खोक्यांपेक्षा घट्ट भरतो. भोसरीतला जुना सिंगल फेसर निघाला की तेवढीच जागा छपाईच्या मशीनला मिळते, म्हणजे तिथलं कामही वाढतं. एकाही बाईची नोकरी जात नाही. हा हिशोब पैशांत मांडला तर सगळं एकाच छपराखाली आणण्यापेक्षा किलोमागे थोडे पैसे जास्त पडतात, आणि ते आम्ही डोळे उघडे ठेवून मान्य केलेत.

सुप्यात माणसं मिळतील का, हे पाहायला मी आणि आई आसपासच्या गावांत गेलो. आई मुद्दाम आली, कारण बायका तिच्याशी बोलतात. एसटी किती वाजता येते, शेवटची कधी, वसाहतीच्या फाट्यापासून आत चालत किती लागतं, अंधार पडल्यावर रस्त्याला दिवे आहेत का, हे त्यांचे प्रश्न. पगार त्यांनी सगळ्यात शेवटी विचारला. पहिल्या पाळीची वेळ आम्ही एसटीवरून ठरवली आणि संध्याकाळी फाट्यापर्यंत स्वतःची गाडी ठेवायचं ठरलं.

प्लॉटचा ताबा मिळालाय. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्थापनेच्या संमतीचा अर्ज गेलाय, शेडच्या पायाचं काम चालू आहे. मामा आठवड्याचे दिवस सुप्यात राहणार आहेत, त्यांनी खोलीही पाहून ठेवली. आणि भोसरीत आमच्याकडे हेल्पर म्हणून लागलेली दोन मुलं आहेत. ती पारनेर तालुक्यातलीच निघाली, घरची शेती कोरडवाहू म्हणून पुण्याला आलेली. त्यांनी लाइनवर शिकायचं ठरवलंय, घर सुप्यापासून जवळ आहे. भोसरीतली भाड्याची खोली कधी सोडायची म्हणून विचारत होती. मी त्यांना म्हटलंय, बॉयलरची नोंदणी झाली की सांगते, तोवर डिपॉझिट अडकवू नका, महिन्या-महिन्याने भरा.